गाथासप्तशती इंग्रजीत कोणासाठी?

(हैदराबाद येथील नभोवाणी-भाषणाचा मजकूर)

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. काचीगुड्यातील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही आठदहा मंडळी जमलो होतो. दर महिन्यास कोणीतरी आपल्या भाषेतील एखादे जुने पुस्तक आणावयाचे आणि ते इतरांना कळेल अशा रीतीने सांगावयाचे, असा आमचा परिपाठ आहे. मंडळींत तेलुगू आहेत, उर्दू आहेत, एकदोन कानडी आहेत आणि मराठी मी एकटाच. हैदराबादेत यात नवल काही नाही. बाजारात, बसमध्ये, शेजारीपाजारी आपण दखनीवर वेळ निभावून नेतो. परंतु जुन्या वाङ्मयातील बारकावा सांगावयाचा म्हटले म्हणजे चारही घरांतील माणसांना बसता येईल असा ओटा एकच उरतो, आणि तो इंग्रजीचा.

माझी पाळी आली तेव्हा मी हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ नेली. मूळ प्राकृत, सोबत स. आ. जोगळेकरांचा १९५६ सालचा मराठी ग्रंथ, आणि चार रात्री बसून मी स्वतः केलेले ओबडधोबड इंग्रजी भाषांतर. आरंभी एक प्रसिद्ध गाथा घेतली. संध्याकाळ होत आली आहे. वाटसरू मुक्कामास आला आहे. घरात सासू आणि तरुण सून. सून त्या वाटसरूस बजावते की, उजेड आहे तोवर नीट पाहून ठेव. सासू इथे निजते, मी इथे. तुला रात्रीचे दिसत नाही, तेव्हा चुकून अंथरुणावर येऊन पडशील! शब्द सारे निषेधाचे आणि अर्थ सारा आमंत्रणाचा.

मी ‘मदर-इन-लॉ’ असे म्हणताच एका तेलुगू बाईंनी मला थांबविले. त्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांनी विचारले, “मूळ शब्द काय आहे?” मी म्हणालो, “अत्ता.” त्या मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, “अहो, अत्त तर आमच्या घरातली! तिला इंग्रजी झगा घालून आमच्यापुढे कशाला आणलीत?”

मंडळी हसली, मीही हसलो. परंतु घरी परतताना दोन गोष्टी मनाला टोचू लागल्या. पहिली अशी की, अत्ता माझ्याही घरातली होती. आपली ‘आत्या’ ती हीच. आपल्याकडे मुलगा मामाची मुलगी करतो. म्हणजे मुलीच्या बाजूने पाहिले तर आत्या हीच सासू होते. महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत सून आजही सासूला ‘आत्याबाई’ म्हणून हाक मारते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या ‘देशीनाममाले’त ‘अत्ता’ या शब्दाचे आई, आत्या, सासू आणि सखी असे चार अर्थ दिले आहेत. या चारही नात्यांची ऊब असलेला शब्द मी हातातून टाकून दिला आणि त्याच्या जागी कायद्याच्या पुस्तकात शोभावा असा शब्द ठेवला.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी होती. मी चाळीस गाथांवर खुणा केल्या होत्या आणि इंग्रजी करताना त्यांपैकी सोळा गाळल्या होत्या. त्या अवघड होत्या म्हणून नव्हे. त्यांत शरीराचा, चोरट्या भेटींचा, घरच्या दारिद्र्याचा उघड उल्लेख होता म्हणून. त्याच गाथा मी मराठीत स्नेह्यांपुढे कित्येकदा वाचलेल्या आहेत. मग इंग्रजीत त्या का गळाल्या? खोलीत इंग्रज कोणी नव्हता. सारी आपलीच माणसे होती. तरीही माझ्या मनात एक साहेब खुर्ची टाकून बसला होता, आणि त्याचे आपल्याविषयी काय मत होईल याची काळजी मी नकळत वाहत होतो. आज मला बोलावयाचे आहे ते या खुर्चीतील साहेबाविषयी.

प्रथम ग्रंथाची थोडी ओळख करून देतो. गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातील सातशे सुट्या गाथांचा संग्रह. प्रत्येक गाथा दोन ओळींची. पहिल्या ओळीत तीस मात्रा, दुसरीत सत्तावीस. एवढ्या जागेत एक प्रसंग उभा राहतो आणि त्यातला अर्धा न बोलताच सांगितला जातो. निरनिराळ्या पोथ्यांतील गाथा एकत्र केल्या तर त्या साडेनऊशेंच्या वर जातात. सर्व परंपरांत समान अशा सुमारे ४३० आहेत. संग्रहकर्ता म्हणून हाल या सातवाहन राजाचे नाव परंपरेने चालत आले आहे. राजाचे नाव असले तरी ग्रंथात दरबार जवळजवळ नाहीच. आहेत ते नांगर धरणारे शेतकरी, गावचा पाटील, कापसाची नि तागाची शेते, विंध्याचे डोंगर, परगावी गेलेले नवरे, आणि नदी. ती नदी म्हणजे गोदावरी. गाथा तिला लाडाने ‘गोला’ म्हणते.

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. पुराणे याच राजांना ‘आंध्र’ म्हणतात. तेलंगणात गोदेच्या काठी कोटिलिंगाल येथे सिमुक सातवाहनाची नाणी मिळाली आहेत. कोंडापूरचे सातवाहनकालीन नगर निजामी राजवटीच्या पुराणवस्तु खात्याने १९४० नंतरच्या काळात खणून काढले, आणि त्या वेळी पैठणही याच हैदराबाद संस्थानात होते. तेव्हा हा ग्रंथ मराठीचा की तेलुगूचा, या वादात मला गोडी वाटत नाही. नदी दोघांच्या अंगणातून वाहते. अत्ताही दोघांच्या घरात नांदते.

आता त्या साहेबाकडे वळू. खुर्चीवर बसून भाषेची परीक्षा घेणारा हा गृहस्थ इंग्रजांबरोबर प्रथम आला, असे आपण समजतो. ते खरे नव्हे. तो याच भूमीत, सातवाहनाच्याच घरी, फार पूर्वी येऊन बसला होता. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त एक गोष्ट आहे. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी संस्कृतात म्हणाली की, माझ्यावर पाणी उडवू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ या दोन शब्दांचा संधी होऊन ‘मोदकैः’ झाले, आणि राजाने मोदकांची ताटे मागविली! राणी हसली, दासी हसल्या, आणि राजा लाजेने अंथरुणाला खिळला. पुढे शर्ववर्म्याने त्याला सहा महिन्यांत संस्कृत शिकविले. पैज हरलेल्या गुणाढ्याने मात्र संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून पैशाचीत ‘बृहत्कथा’ रचली. राजाने ती तुच्छ मानून परत पाठविली, तेव्हा अरण्यात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत तो ती अग्नीत टाकू लागला. गोष्टीत इतिहास किती हे बाजूस ठेवू. ज्याच्या नावावर प्राकृताचा हा ठेवा आहे, त्याच राजाच्या कुळाविषयी लोकांनी ही भाषेच्या लाजेची कथा सांगावी, यात पुष्कळ अर्थ आहे.

गाथासप्तशतीच्या वाट्यालाही तेच आले. पुढील पंडितांना प्राकृत सहज कळेना, म्हणून गाथेखाली तिची संस्कृत ‘छाया’ लिहिण्याची रीत पडली. छायेने ग्रंथ वाचविला, हे उपकार मान्य केले पाहिजेत. परंतु प्राकृतात मधली व्यंजने गळून शब्द मऊ झालेले असतात. ‘कइ’ म्हटले की कवी, कपी किंवा किती, यांतले काहीही असू शकते. ‘गअ’ म्हणजे गेलेला किंवा हत्ती. जाणता ऐकणारा दोन्ही अर्थ एकदम झेलतो. छायेला मात्र एकच अर्थ पत्करावा लागतो, आणि दुसरा अंधारात जातो. बाराव्या शतकात बंगालच्या लक्ष्मणसेनाच्या आश्रयाला असलेल्या गोवर्धनाने याच धर्तीवर संस्कृतात ‘आर्यासप्तशती’ रचली. त्याने मोकळेपणाने कबूल केले आहे की, जिचा रस प्राकृतातच शोभावा अशी ही वाणी आपण बळाने संस्कृतात नेली. उताराकडे वाहणाऱ्या यमुनेला आकाशात चढवावे तसे हे झाले. भाषांतराविषयी यापेक्षा प्रामाणिक उद्गार मला तरी ठाऊक नाही. वरच्या भाषेत नेणे म्हणजे पाणी वर चढविणे. ते चढते, पण त्याचा स्वाभाविक ओघ मोडतो.

हेच पाणी चढविण्याचे काम इंग्रजी सत्तेच्या सावलीत दुसऱ्या एका देशाला करावे लागले. तो देश आयर्लंड. आणि त्याचा नि आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे गृहस्थ १८६२ साली कायद्याच्या कामासाठी हिंदुस्थानात आले आणि १८७७ ते १८८२ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेमंत्री होते. १८८२ चे मालमत्ता हस्तांतरणाचे आणि दिवाणी कामकाजाचे कायदे त्यांच्याच कारकिर्दीत मंजूर झाले. आपल्या कोर्टकचेऱ्यांत ज्यांची छाया अजून आहे असे कायदे दिवसा तयार करणारा हा माणूस फावल्या वेळी प्राचीन आयरिश पोथ्या वाचीत असे. १८६६ चे ‘गॉयडिलिका’, १८७७ चे आयरिश धर्मप्रवचनांचे पुस्तक, १८८२ चे ट्रॉयच्या विध्वंसाची आयरिश कथा सांगणारे पुस्तक, ही सारी कलकत्त्यास छापली गेली. एका जित देशाचा पुत्र दुसऱ्या जित देशात राज्यकर्त्यांचे कायदे लिहितो आणि उरलेल्या वेळात आपल्या पूर्वजांचे शब्द इंग्रजीत उतरवितो, हे चित्र विचार करावयास लावणारे आहे.

राज्यकर्ते प्रथम कशाचे भाषांतर करवितात, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे १७८५ साली विल्किन्सने गीता आणि १७९४ साली जोन्सने मनुस्मृती इंग्रजीत आणली. आयर्लंडात सरकारने नेमलेल्या मंडळाने १८६५ पासून जुने आयरिश कायदे छापावयास घेतले. कायदा आणि धर्म यांची राज्य चालविण्यास गरज असते. गोदेकाठच्या सुनेच्या चातुर्याची कोणत्या कलेक्टरास गरज पडणार? म्हणून गाथासप्तशतीचे पहिले मोठे युरोपीय संशोधन इंग्रजीत न होता जर्मनीत झाले. आल्ब्रेख्ट वेबरने १८७० आणि १८८१ साली लाइपझिग येथे तिची संस्करणे जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध केली. मुंबईस निर्णयसागर छापखान्याची ‘काव्यमाले’तील आवृत्ती त्यानंतर १८८९ साली निघाली. आणि योगायोग असा की, आयरिश लोकांचे महाकाव्य म्हणून गणले जाणारे ‘टॉइन’ हेही जर्मनीतच १९०५ साली मोठ्या साक्षेपाने छापले गेले; ते छापणारा एर्न्स्ट विंडिश हा लाइपझिगचा संस्कृतचा प्राध्यापक होता.

या ‘टॉइन’ची कथा थोडक्यात अशी. मेव्ह राणी आणि तिचा नवरा अंथरुणावर पडल्या पडल्या कोणाची संपत्ती अधिक याचा हिशेब घालतात. नवऱ्याकडे एक बैल जास्त निघतो. त्याच्या तोडीचा बैल मिळविण्यासाठी राणी अल्स्टरवर स्वारी करते आणि कूहुलिन नावाचा तरुण एकटा सीमेवर तिच्या सैन्याला अडवून धरतो. बाराव्या शतकाच्या आगेमागे उतरलेल्या पोथ्यांत ही कथा गद्यात आहे, मधून मधून पद्य आहे. तीत शौर्य आहे, तसा चावट विनोद आहे, शरीरधर्माचे उघड उल्लेख आहेत, आणि नायकाचे भयंकर विद्रूप होणेही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश माणसाला हे वाङ्मय इंग्रजांपुढे मांडावयाचे होते. पुढे बसलेला साहेब आधीच मत बनवून बसला होता. १८९९ साली शाळांतून आयरिश भाषा शिकवावी की नाही याची चौकशी झाली, तेव्हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील रॉबर्ट ॲट्किन्सन यांनी साक्ष दिली की, या जुन्या वाङ्मयात कल्पकता नाही, ध्येय नाही, आणि पुष्कळसा भाग मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. हे ॲट्किन्सन संस्कृतचेही प्राध्यापक होते. आपल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनचे ते गुरू. डग्लस हाइड यांनी युरोपातील पंडितांची पत्रे मिळवून त्यांना उत्तर दिले. परंतु आरोप एकदा झाला की उत्तर देणाऱ्याचे हात बांधले जातात. आमचे वाङ्मय उदात्त आहे, असे सिद्ध करण्याच्या भरात जे उदात्त दिसत नाही ते तो लपवू लागतो.

लेडी ग्रेगरी यांनी १९०२ साली कूहुलिनच्या कथा इंग्रजीत आणल्या. त्यांचे काम मोठे आहे. त्यांनी पुस्तकी इंग्रजी टाकून दिली आणि आपल्या किल्टार्टन गावच्या शेतकऱ्यांच्या तोंडची, आयरिश वळणाची इंग्रजी वापरली. हे धाडस कमी नव्हे. परंतु अर्पणपत्रिकेत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, तुम्हांला रुचणार नाही असे वाटले ते पुष्कळसे मी गाळले. चावट विनोद गेला, देह गेला, विद्रूपता गेली. उरला तो एक भारदस्त वीर. तो इंग्रजांच्या आर्थर राजाच्या पंगतीला बसण्यास लायक झाला खरा. पण त्याच्या गावची माणसे त्याला ओळखतील की नाही, याची शंका आली.

देश स्वतंत्र झाला १९२२ साली. तरी साहेब खुर्चीवरून उठला नाही. राज्य गेले म्हणजे धाक जातोच असे नाही. त्याच्याकडे पाठ फिरवून केलेले भाषांतर यावयास १९६९ साल उजाडले. कवी थॉमस किन्सेला यांनी ‘टॉइन’ पुन्हा इंग्रजीत आणले. इंग्रजी तीच, राज्यकर्त्यांची. परंतु तीत मेव्ह राणीचा देह परत आला, विनोद परत आला, कथेतल्या खाचखळग्यांवर फारशी सारवण घातली गेली नाही. कारण किन्सेलांचा वाचक प्रथम आयर्लंडातलाच होता. ज्याची मूळ भाषा हातची गेली आणि इंग्रजी हीच ज्याच्या घरातली भाषा झाली, असा. अमेरिकेतील विदुषी मरिया टिमोच्को यांनी १९९९ साली या साऱ्या भाषांतरांवर एक ग्रंथ लिहून दाखविले की, पारतंत्र्यातील भाषांतर हे विद्येचे काम असते तसेच ते झगड्याचेही हत्यार असते. मी त्याला एवढीच पुस्ती जोडीन की, हत्यार हाती असताना माणूस आपल्याच अंगाला काप घेत आहे हे पुष्कळदा त्याच्या ध्यानात येत नाही.

आता परत गोदेकाठी येऊ. गाथासप्तशतीची इंग्रजी कथा स्वातंत्र्यानंतरची आहे. राधागोविंद बसाक यांचे इंग्रजी भाषांतर १९७१ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केले. १९९१ साली अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी निवडक दोनशेंहून थोड्या अधिक गाथा ‘द ॲब्सेन्ट ट्रॅव्हलर’ या नावाने इंग्रजी कवितेत आणल्या. २००९ साली पीटर खोरोश आणि हर्मन टीकेन यांचे भाषांतर अमेरिकेत निघाले. मेहरोत्रा स्वतः इंग्रजीत लिहिणारे भारतीय कवी. त्यांच्या इंग्रजीला साहेबापुढे उभे राहण्याची सवय नाही. शब्द थोडे आणि आजच्या बोलण्यातले आहेत. गाथेचा आटोपशीरपणा इंग्रजीत येऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु एक साहेब उठला की त्याच खुर्चीवर दुसरा येऊन बसतो, आणि त्याचे नाव बाजार. पूर्वी जे लाजून गाळले जात होते, तेच आता मुद्दाम वेचून पुढे मांडले जाते. प्राचीन हिंदुस्थानचे प्रेमकाव्य म्हटले की गिऱ्हाईक थांबते. त्यात खोटे असे काही नाही. गाथेत प्रेम आहेच आणि ते मनमुराद आहे. परंतु तेवढेच दाखविले तर तेही एक प्रकारचे गाळणेच झाले. गाथेत म्हातारपण आहे, गरिबी आहे, पेरणीची चिंता आहे. एका गाथेत गरिबाघरची गर्भार बायको आहे. सगळे तिला पुन्हा पुन्हा विचारतात, तुला काय खावेसे वाटते? आणि नवऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून ती प्रत्येक वेळी सांगते, पाणी. श्रोतेहो, तेथे मूळ शब्द आहे ‘दोहल’, आपले ‘डोहाळे’. इंग्रजीत त्याला जो शब्द मिळतो तो वैद्यकाच्या पुस्तकातला वाटतो. आपल्या ‘डोहाळे’ या शब्दात ओटी आहे, हिरवा चुडा आहे, माहेरची माणसे आहेत; आणि हे सारे जिच्या वाट्याला आले नाही तिने मागितलेला तो पाण्याचा पेला आहे.

आणखी एक गाथा पाहा. गोदेकाठच्या जाळीत फुले तोडण्यासाठी रोज एक धार्मिक गृहस्थ येतो. एक स्त्री त्याला सांगते, बाबा, आता खुशाल हिंडा. तुम्हांला भिवविणारे ते कुत्रे गोदेकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने आज मारले! वरून अभय आणि आतून धमकी. कारण ती जाळी तिच्या संकेताची जागा आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत सांगताना उदाहरण घेतले ते हेच. अंथरुण दाखविणाऱ्या सुनेची गाथाही त्याने घेतली. म्हणजे गोदेकाठच्या बायकांनी बोलता बोलता जे केले, त्यावर काश्मीरच्या पंडितांनी काव्यशास्त्र उभारले. अशी गाथा इंग्रजीत नेताना दोन मोह होतात. एक, खाली टीप देऊन सगळा अर्थ उकलून सांगावा; म्हणजे ध्वनी मेला. दुसरा, गोदावरीऐवजी नुसते ‘नदी’ म्हणावे. म्हणजे गाव मेले. माझ्या अल्प अनुभवाने मला असे वाटते की, नाव ठेवावे आणि टीप थोडकी द्यावी. अत्ता, गोला, डोहाळे हे शब्द इंग्रजी वाक्यात तसेच बसू द्यावेत. ऐकणारा क्षणभर अडखळेल. अडखळला तर विचारील. आणि विचारले म्हणजे बोलणे सुरू होईल, जसे आमच्या त्या बैठकीत झाले.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजीची एवढी उठाठेव कशाला? मराठी माणसाने मराठीत वाचावे. माझेही मन तेच म्हणते. परंतु आपल्या शहराकडे पाहा. १९५६ साली संस्थानाची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण या शहरातील मराठी माणसे येथेच राहिलो. आपल्या संस्थांनी, ग्रंथसंग्रहालयांनी मराठी जिवंत ठेवली, हे खरे. तथापि तिसऱ्या पिढीतील मुले मराठी बोलतात, पण वाचताना इंग्रजीकडे वळतात. माझी नात त्यांतलीच. तिच्या हाती गाथा पडली तर ती इंग्रजीतूनच पडेल. तेव्हा ज्याला आपण इंग्रजी वाचक म्हणतो तो आता लंडनला नाही. तो भिंतीपलीकडे राहतो, आणि कित्येकदा आपल्याच पानावर जेवतो. त्याच्यापुढे आपण आपल्या पूर्वजांना झगा घालून उभे करणार काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला आणि प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेलुगूला तो २००८ सालीच मिळाला होता. मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून गाथासप्तशतीचे नाव सगळीकडे घेतले गेले. मला आनंद झाला. परंतु एक भीतीही वाटली. पुरावा म्हणून दाखल केलेला कागद सहसा कोणी पुन्हा वाचीत नाही. तो फायलीत जातो. सातवाहनाच्या या ग्रंथाचे तसे होऊ नये. ज्या ग्रंथाच्या जोरावर आपण मान मागितला, त्यातल्या सोळा गाथा वाचावयास लाजणारा माणूस मी स्वतः होतो, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून पुढच्या महिन्यात मी त्या सोळा गाथा घेऊन पुन्हा गेलो. या वेळी सोबत नातीला नेले. इंग्रजी तिने नीट करून दिली होती. फक्त अत्ता, गोला आणि डोहाळे यांना तिने हात लावला नव्हता, कारण तसे आमचे ठरलेच होते. अंथरुणाची गाथा झाली, जाळीतल्या सिंहाची झाली, आणखी काही झाल्या. मंडळी मनापासून हसली. कोणाची मान खाली गेली नाही. मग ती पाणी मागणाऱ्या बायकोची गाथा नातीने वाचली. वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. आमच्यातले एक वृद्ध उर्दू शिक्षक आहेत. ते म्हणाले, “हा शब्द पुन्हा सांग, बेटी.” ती म्हणाली, “डोहाळे.” त्यांनी तो आपल्या तोंडाने दोनदा म्हणून पाहिला. मग तेलुगू बाईंनी आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगितले, कानडी स्नेह्यांनी त्यांचा शब्द सांगितला, आणि नात ते सारे आपल्या वहीत लिहून घेऊ लागली.

त्या रात्री माझ्या मनातील खुर्ची मी चाचपून पाहिली. ती रिकामी होती, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही. इतक्या वर्षांची सवय एका महिन्यात जात नाही. परंतु वाचताना माझे लक्ष त्या खुर्चीकडे नव्हते. ते समोरच्या माणसांकडे होते.